मीराला ऐकू आलेली शिट्टी

शिशिर मोहरीरने गाणी ऐकायला जुन्या पद्धतीचा, काचेच्या ट्यूबांचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं दिवाळीतच ठरवलं होतं, पण तो ऐकून निवडायला म्हणून घराबाहेर पडला तो फेब्रुवारीतल्या एका रविवारी. हाच रविवार त्याने मुद्दाम धरला होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी अकरा वाजता, प्लांटमध्ये चौकशीची शेवटची बैठक होती, आणि तिचा विचार निदान एक दिवस तरी डोक्यात येऊ नये असं त्याला वाटत होतं.

शिशिर रायपूरजवळच्या सिलतऱ्यात एका पोलाद कारखान्यात भट्टीवर शिफ्ट इनचार्ज होता. बावीस वर्षं झाली होती त्याला तिथे. डिसेंबरात एका सकाळी तो भट्टीजवळ उभा राहून नोंदी करत असताना चुंबकाची क्रेन भंगार घेऊन थेट त्याच्या डोक्यावरून सरकली. विशाल नावाच्या टेक्निशियनने त्याची बाही धरून त्याला मागे खेचलं, आणि त्याच क्षणी एक लोखंडी तुकडा सुटून तो उभा होता तिथे पडला. फरशीला भोक पडलं. शिफ्ट संपायच्या आतच शिशिरने रिपोर्ट लिहिला: क्रेन पुढे येताना हूटर वाजवला नव्हता. क्रेन चालवणारा भार्गव साहू शपथेवर सांगत होता की त्याने हूटर वाजवला, दोनदा वाजवला. पण शिफ्ट इनचार्जने लिहून दिल्यावर ऑपरेटरचं कोण ऐकतो? भार्गवला क्रेनवरून उतरवून भंगाराच्या यार्डात टाकलं होतं. सोमवारच्या बैठकीत त्याचा क्रेन चालवायचा परवाना कायमचा रद्द होणार होता.

शिशिरला त्याचं वाईट वाटत होतं, पण आपण चुकलो असं मात्र कधी वाटलं नव्हतं. हूटर वाजला असता तर आपल्याला ऐकू आला असता, इतकं ते सरळ होतं.

तात्यापाऱ्यातल्या घरून निघताना त्याने आपले दोन्ही स्पीकर चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले. अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या श्यामराव काकांनी फोनवर बजावलं होतं, "स्पीकर तुझेच आण, गाणी तुझीच आण. माझ्या स्पीकरवर ऐकशील तर माझ्या खोलीचा आवाज विकत घेशील, तुझ्या घरी जाऊन पस्तावशील."

वाटेत शेजारी बसलेली त्याची बायको मीरा काहीतरी बोलली.

"काय?" शिशिरने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

ती शाळेत गणित शिकवायची. एकच गोष्ट पाच वेळा समजावून सांगायची तिला सवय होती, पण अलीकडे घरात ती दुसऱ्यांदा काही सांगायची नाही. 'काही नाही' म्हणून सोडून द्यायची. शिशिरला त्याचा राग येई, पण आजचा दिवस त्याला भांडणात घालवायचा नव्हता.

श्यामरावांचं घर समता कॉलनीत होतं. खाली त्यांची सून निधी हिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक, वर काकांची खोली. श्यामराव चौऱ्याहत्तर वर्षांचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते वर्षाला चार-पाच अ‍ॅम्प्लिफायर हाताने बनवत. ट्रान्सफॉर्मरची तार स्वतः गुंडाळत, लाकडाची चौकट स्वतः घासत, आणि ज्याला ऐकायची अक्कल नाही अशा माणसाला वस्तू विकत नसत, अशी त्यांची ख्याती होती.

खोलीत टेबलावर दोन अ‍ॅम्प्लिफायर मांडून ठेवले होते. एक लहान, आठ वॉटचा, प्रत्येक बाजूला एकच मोठी ट्यूब. दुसरा पस्तीस वॉटचा, चार मोठ्या ट्यूबा, मागे तीन काळे ट्रान्सफॉर्मर. त्याला एकट्याने उचलायची सोय नव्हती. दोन्ही सुरूच होते. ट्यूबांच्या आत केशरी तारा पेटल्या होत्या आणि खोलीत गरम धुळीचा किंचित वास येत होता.

"हा लहान गोड आहे," श्यामराव म्हणाले. "तुझ्या खोलीला पुरेल. पण याच्याकडून जोराची अपेक्षा नको करू. हा मोठा सगळं उचलतो. आता माझं बोलणं बंद. तू ऐक."

आधी लहान लागला. सारंगीची एक जुनी ध्वनिफीत शिशिरने आणली होती, ती त्याने लावली. आवाज मऊ होता, जवळचा होता, पण शिशिरला तो पडद्याआडून आल्यासारखा वाटला. त्याने आवाज वाढवला, आणखी वाढवला. लहान अ‍ॅम्प्लिफायर दमला आणि सारंगी खरखरू लागली.

"बस," श्यामराव म्हणाले. "इथून पुढे त्याचा जीव नाही."

मग त्यांनी स्पीकरच्या तारा मोठ्याला जोडल्या. शिशिरने तीच सारंगी लावली आणि आवाजाचा नॉब निम्म्याच्या पुढे नेला. खोली भरून गेली. गज तारेवरून ओढला जातोय ते त्याला छातीत जाणवलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी पूर्ण ऐकल्यासारखं वाटलं त्याला. उद्याचा सोमवार विसरून त्याने डोळे मिटले.

"अहो," मीरा म्हणाली. तिने दोन्ही हात कानांवर धरले होते. "कमी करा ना जरा. आणि ही शिट्टी कशाची आहे?"

"कसली शिट्टी?"

"बारीक शिट्टी येऊन राहिली आहे. गाण्याच्या मागे. सारखी."

शिशिरने आवाज कमी केला. गाणं थांबवलं. खोली शांत झाली.

"आता तर अजून स्पष्ट येते," मीरा म्हणाली. "यातूनच येऊन राहिली आहे."

श्यामरावांनी मान वाकडी करून अ‍ॅम्प्लिफायरकडे कान नेला. बराच वेळ तसेच राहिले. "काही नाही आहे. पंख्याचा आवाज असेल."

"पंखा बंद आहे काका."

"मग रस्त्यावरचा असेल. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून शिट्टी येत नाही. इतक्या वर्षांत आली नाही."

मीराने शिशिरकडे पाहिलं. शिशिरने स्पीकरजवळ जाऊन कान लावला. अगदी लावला. ट्रान्सफॉर्मरची हलकी घरघर, बस. बाकी काही नाही.

"मीरा, नाही आहे काही," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा जोरात निघाला. "दोन माणसं सांगून राहिली ना तुले. काकांनी आयुष्य घातलं आहे याच्यात."

"मी खोटं बोलून राहिली का?"

"खोटं नाही म्हणत. भास होत असेल."

मीरा दोन पावलं मागे सरकली. तिचा चेहरा असा काही झाला की शिशिरला लगेच शब्द परत घ्यावेसे वाटले. पण श्यामराव समोर होते, आणि त्यांचाही चेहरा ताठ झाला होता. तेवढ्यात निधी चहाचा ट्रे घेऊन वर आली. निधीला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती हिंदीतच.

"निधी," मीराने शांतपणे विचारलं, "तुला इथे काही आवाज येतो आहे का? मी काही सांगत नाही. तूच सांग."

"वो सीटी?" निधी ट्रे ठेवत म्हणाली. "हाँ दीदी, सुबह बाबा अपने स्पीकर पर चला रहे थे, तब भी आ रही थी. नीचे सीढ़ी तक सुनाई देती है. मुझे लगा बाबा को पता होगा."

कपात चहा होता, कुणी उचलला नाही. श्यामरावांनी अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग खुर्चीत बसले. पुन्हा उठले. कोपऱ्यातल्या कामाच्या टेबलावरून त्यांनी एक जुना ऑसिलोस्कोप आणला. विजेची लहर पडद्यावर रेषेने दाखवणारं ते यंत्र. त्याच्या तारा त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरला लावल्या. गाणं बंद होतं, तेव्हा पडद्यावरची हिरवी रेषा सरळ, गुळगुळीत यायला हवी होती. ती तशी आली नाही. तिच्यावर बारीक बारीक दाट लहरी उठल्या होत्या, करवतीच्या दातांसारख्या.

श्यामराव बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, हातमोजा घालून पुढची एक लहान ट्यूब हळूच हलवून काढली, दुसरी बसवली आणि पुन्हा सुरू केला. मिनिटभर थांबले. रेषा सरळ आली.

"आता?" त्यांनी मीराला विचारलं.

"गेली."

शिशिरने ऐकलं. आधी जसं होतं तसंच आताही होतं. काहीच गेलं नव्हतं, कारण काही आलंच नव्हतं.

"ट्यूब खराब झाली होती," श्यामराव सावकाश म्हणाले. "होतं असं. पण मले ऐकू यायला पाहिजे होतं." त्यांनी काढलेली ट्यूब बाजूला ठेवली. "माझं वय झालं, शिशिर. तुझं काय वय?"

"सेहेचाळीस."

"सेहेचाळीस," त्यांनी पुन्हा म्हटलं आणि कामाच्या टेबलाकडे गेले. तिथे एक लोखंडी डबा होता, पुढे मोठा गोल नॉब असलेला. "हा सूर काढतो. जाड, बारीक, पाहिजे तो. मी यावर मशीन तपासतो. तू पाठ कर. ऐकू आलं की हात वर कर."

"काका, राहू द्या ना."

"पाठ कर."

शिशिरने पाठ केली. समोर भिंत होती, तिच्यावर मागच्या वर्षाचं कॅलेंडर. पहिला सूर जाड आला. त्याने हात वर केला. दुसरा जरा बारीक. हात वर केला. तिसरा. चौथा अगदी बारीक आणि लांबचा होता, पण आला. त्याने हात वर केला आणि त्याला जरा बरं वाटलं.

मग काकांनी वेळ लावला. शिशिर वाट पाहत राहिला. मागे कुणी हललं नाही. काका नॉब शोधत असतील, तार निघाली असेल. तो आणखी थांबला. शेवटी त्याने विचारलं, "काका, लावा ना पुढचा."

तो वळला.

श्यामरावांचा हात नॉबवर होता. निधीने एका कानात बोट घातलं होतं. मीरा त्याच्याचकडे पाहत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"सुरू आहे?" शिशिरने विचारलं.

"कधीचा," मीरा म्हणाली.

श्यामरावांनी नॉब फिरवून सूर बंद केला. "हा मलेही येत नाही. पण मी म्हातारा आहे."

शिशिरला पहिल्यांदा आठवली ती डिसेंबरातली सकाळ. त्याआधी क्रेनवर जुना भोंगा होता, म्हशीसारखा रेकणारा, जाड. गेल्या पावसाळ्यात तो काढून नवा इलेक्ट्रॉनिक हूटर बसवला होता. विशाल तेव्हा हसून म्हणाला होता की नवा हूटर कानात सुई घातल्यासारखा वाजतो. शिशिर त्याच्याबरोबर हसला होता. सुईचं त्याला काही कळलं नव्हतं, पण तसं म्हणायचं कशाला, म्हणून हसला होता.

"काका, मी येतो पुन्हा," तो म्हणाला. "दोन्ही राहू द्या. कोणाला देऊ नका."

श्यामराव काढलेली ट्यूब हातात घेऊन बसले होते.

स्पीकर पुन्हा मागच्या सीटवर ठेवून गाडीत बसल्यावर शिशिरने किल्ली फिरवली नाही. "भार्गव खरं बोलून राहिला होता," तो म्हणाला.

मीराला क्रेनची गोष्ट माहीत होती, रिपोर्टचीही. तिला उलगडून सांगावं लागलं नाही.

"तुले माहीत होतं?" त्याने विचारलं. "माझ्या कानाचं?"

"दोन वर्षं झाली." ती त्याच्याकडे वळली, तोंड त्याला दिसेल असं. "टीव्ही तुम्ही वाढवता, मी काही म्हणत नाही. दारावरची बेल वाजली की दार मीच उघडते. एकदा म्हटलं होतं डॉक्टरकडे जाऊ, तर तुम्ही दोन दिवस बोलले नाही. मग मी सोडून दिलं. मीच चुकली."

"प्लांटमध्ये दरवर्षी कान तपासतात," शिशिर म्हणाला. "सगळ्या शिफ्टला मी पाठवतो. माझा नंबर आला की मले काम निघतं. दोन वर्षं गेलोच नाही."

"काहून?"

शिशिरने समोरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. उत्तर तिला ठाऊक होतं आणि त्यालाही.

"उद्या सांगून टाकतो," थोड्या वेळाने तो म्हणाला.

मीराने त्याचा हात धरला. "उद्या नका सांगू. आधी डॉक्टरकडे जाऊ, कागद हातात येऊ द्या. आठ दिवस थांबा. असं अचानक सांगितलं तर तुम्हालाच खोटं ठरवतील. फ्लोअरवरून काढतील. बावीस वर्षांनंतर कुठे जाल तुम्ही?"

"उद्या त्याचा परवाना जातो, मीरा. आठ दिवसांनी सांगून काय होईल?"

"परत देतील."

"नाही देत. एकदा गेला की गेला. त्याला दुसऱ्या कुठल्या प्लांटमध्येही क्रेनवर घेणार नाहीत."

तिने हात सोडला नाही. मग शिशिरने गाडी सुरू केली. स्पीकर चादरीसकट त्या दिवशी गाडीतच राहिले.

सोमवारी शिशिर सातलाच प्लांटवर पोहोचला. अजून शिफ्ट बदलायची होती. त्याने विशालला बाजूला घेऊन हूटर ऐकू आला की हात वर कर असं सांगितलं, आणि क्रेनवरच्या नव्या ऑपरेटरला हूटर वाजवायला सांगितलं. स्वतः खाली, त्याच जागी, क्रेनकडे पाठ करून उभा राहिला. भट्टी घोंघावत होती. समोर विशाल होता. शिशिर त्याच्या हाताकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने विशालचा हात वर गेला. शिशिरला भट्टीशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. विशालचा हात खाली आला, पुन्हा वर गेला. दोनदा.

"उस दिन भी बजा था?" शिशिरने विचारलं.

विशाल बुटाकडे पाहू लागला. "बजा था साहब."

"तो बोले क्यों नहीं?"

"आपने लिख दिया था."

त्यात तक्रार नव्हती. विशालने ते पाऊस पडला होता असं सांगावं तसं सांगितलं, आणि म्हणूनच ते शिशिरला जास्त लागलं. याच मुलाने त्याची बाही धरली नसती तर आज ही बैठक वेगळ्याच कारणासाठी भरली असती.

अकराला बैठक सुरू झाली. टेबलाच्या एका टोकाला जनरल मॅनेजर, त्यांच्या शेजारी सुरक्षा अधिकारी इंदू मॅडम, फाइल उघडून. समोर भार्गव बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता, वरचं बटणही लावलेलं. दोन महिन्यांत तो बारीक झाला होता. शिशिर आत आल्यावर तो सवयीने उठून उभा राहिला, आणि ते शिशिरला सहन झालं नाही.

इंदू मॅडमनी रिपोर्ट वाचून दाखवला. मग म्हणाल्या, "मोहरीर जी, आपका बयान यही है? साइन कर दीजिए."

कागद त्याच्याकडे सरकला. पेन त्याच्या हातात होतं. क्षणभर त्याच्या मनात आलं की सही करावी, आठ दिवसांनी डॉक्टरचा कागद घेऊन यावं, मीरा म्हणाली तसं. सही करायला एक सेकंद लागला असता. त्याने पेन खाली ठेवलं.

"बयान गलत है," तो म्हणाला. "हूटर बजा था. मुझे सुनाई नहीं दिया. मुझे वो आवाज़ सुनाई देती ही नहीं. आज सुबह नीचे खड़े होकर देख लिया."

भार्गवने मान वर केली, पण शिशिरला त्याच्याकडे बघवलं नाही.

जनरल मॅनेजर खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. ते वाईट माणूस नव्हते, शिशिरला त्यांनीच वर आणलं होतं. ते म्हणाले की घाई करायची गरज नाही. हूटरचा आवाज कमजोर होता असं लिहू, नवीन हूटर बसवू. भार्गवही सुटेल आणि शिशिरवरही काही येणार नाही. विषय संपेल.

खोलीतल्या सगळ्यांनी शिशिरकडे पाहिलं. ही वाट त्याला सुचली नव्हती, आणि ती चांगली होती. कुणाचंच नुकसान होत नव्हतं.

"सर, हूटर ठीक है," तो म्हणाला. "कमजोर लिखेंगे तो मैं कल फिर क्रेन के नीचे खड़ा मिलूँगा. और मेरे भरोसे नीचे चालीस आदमी रहते हैं."

इंदू मॅडमनी दुसरी फाइल ओढली आणि काही पानं उलटली. "आपका कान का टेस्ट दो साल से खाली है," त्या म्हणाल्या.

"हव," शिशिर म्हणाला. "खाली है. मैं गया ही नहीं."

वीस मिनिटांत सगळं आटोपलं. भार्गवचा परवाना कायम राहिला आणि बुधवारपासून तो पुन्हा क्रेनवर जाणार असं ठरलं. शिशिरला त्याच क्षणापासून फ्लोअरवर जायला बंदी झाली, कानाची तपासणी होईपर्यंत. खोटा रिपोर्ट दिल्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली. ती त्याने शांतपणे घेतली.

बाहेर जिन्याजवळ भार्गव थांबला होता. शिशिर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. काय म्हणायचं ते त्याने सकाळपासून ठरवलं होतं, पण आता त्यातलं काही आठवेना. "भार्गव, मुझसे बहुत गलत हुआ," एवढंच तो म्हणाला.

भार्गवने शर्टाचं वरचं बटण उघडलं.

"साहब, मैं दो महीने से अपने आप से पूछ रहा था," तो म्हणाला. "बजाया था कि नहीं बजाया था. आखिर में मुझे भी लगने लगा था कि नहीं बजाया होगा. घरवाली को भी बोल दिया था कि गलती मेरी ही होगी."

तो जिना उतरून गेला. त्याने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि शिशिरनेही ते मागितलं नाही. गाडीपर्यंत जायला त्याला बराच वेळ लागला.

पुढचे दिवस तपासण्यांत गेले. कानाच्या डॉक्टरांनी आलेख समोर ठेवून दाखवला. रेषा सरळ येऊन एका ठिकाणी खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. गेलेलं परत येत नाही, ते म्हणाले, पण उरलेलं सांभाळता येतं. दोन्ही कानांना यंत्र लागेल. मोठ्या आवाजापासून लांब राहायचं, कारखान्यातही आणि घरातही. मीरा वहीत सगळं लिहून घेत होती. शिशिरने डॉक्टरांना विचारलं की अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा विचार आहे, घ्यावा की नाही. डॉक्टर हसले नाहीत. "घ्या," ते म्हणाले. "पण आवाज किती ठेवायचा ते तुम्ही ठरवू नका. घरातल्या कुणाला तरी ठरवू द्या."

मार्चच्या मध्यावर कंपनीने शिशिरला नवा रायपूर या नव्या शहरातल्या ऑफिसात नियोजनाच्या टेबलावर बसवलं. रुंद रस्त्यांवरून रोज अर्धा तास गाडी चालवायची आणि दिवसभर संगणकावर तक्ते भरायचे. पहिले काही दिवस त्याला वाटलं की आपल्याला कुणीतरी कपाटात ठेवून दिलं आहे. कानांतली यंत्रं टोचत होती. कागदाची सळसळ, चमच्यांचा आवाज, मीराच्या बांगड्या, सगळंच अंगावर येत होतं. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून मीरा काहीतरी पुटपुटली आणि शिशिरने हॉलमधून उत्तर दिलं. ती हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली आणि नुसती त्याच्याकडे पाहत राहिली.

त्याच आठवड्यात श्यामराव काकांचा फोन आला. "येतो म्हणाला होतास. दोन्ही ठेवले आहेत."

या वेळी शिशिरने आवाज आपण वाढवला नाही. नॉब मीराच्या हातात दिला. तिने तो चतुर्थांशावर ठेवला. निधी दाराशी उभी होती. काकांनी आता नियम केला होता की तिने ऐकून होकार दिल्याशिवाय कुठलाही अ‍ॅम्प्लिफायर खोलीबाहेर जायचा नाही. आधी मोठा ऐकला. कमी आवाजात तो आळसावल्यासारखा वाजत होता. मग लहान लावला. सारंगी हळू होती, पण गज तारेला लागतो तो क्षण त्यात होता, आणि पडदा कुठेच नव्हता. शिशिर शेवटपर्यंत बसून राहिला.

"कोणता?" श्यामरावांनी विचारलं.

"लहान."

"त्या दिवशी तर तुले मोठा पाहिजे होता."

"तो घेतला तर मी आवाज वाढवीन काका. मले माझा भरोसा नाही."

श्यामरावांनी मान हलवली. "मीही वाढवूनच ऐकून राहिलो होतो एवढी वर्षं," ते म्हणाले आणि पेटीसाठी थर्माकोल शोधायला उठले.

घरी अ‍ॅम्प्लिफायर हॉलमधल्या लाकडी टेबलावर बसला. मीराने ड्रेसिंग टेबलावरून नेलपॉलिशची लाल बाटली आणली, गाणं लावून नॉब हळूहळू फिरवला आणि जिथे तिला पुरेसं वाटलं तिथे पुढच्या पट्टीवर एक ठिपका लावला. ठिपका वाळेपर्यंत दोघं थांबले. मग शिशिरने नॉब शून्यावर आणला, पुन्हा फिरवत ठिपक्यापर्यंत नेला आणि तिथेच सोडून तिच्या शेजारी येऊन बसला.